जमिनीवर आणलेला काटा

१

“आधी काटा जमिनीवर आण, पोरी. मग बाकीचं.”

उस्तादांचं हे वाक्य तपासनीसबाईंच्या कानात बावीस वर्षं मुक्कामाला होतं. एकोणिसाव्या वर्षी त्या उस्तादांच्या दुरुस्तीच्या खोलीत शिकायला बसल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी हे शिकवलं होतं. विमानातलं उंची दाखवणारं यंत्र म्हणजे हवेचा दाब मोजणारी एक डबी. दाब दिवसभर खालीवर होत राहतो. म्हणून विमानात बसल्याबरोबर बटण फिरवून काटा धावपट्टीच्या उंचीवर आणायचा. इथल्या धावपट्टीची समुद्रसपाटीपासून उंची सहाशे फूट. काटा सहाशेवर आला की तबकडीवरच्या बारीक खिडकीत त्या घटकेचा दाब आपोआप दिसतो. वीज नको, बॅटरी नको.

उस्तादांनी त्याचा नेमच करून टाकला होता. विमानाला अजून पंख नसोत, इंजिन नसो, नुसता एखादा स्क्रू आवळायला आत बसले तरी आधी काटा सहाशेवर. त्यांचा एकुलता एक मुलगा विमान पडून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशीही कुणाच्या तरी विमानात बसून त्यांनी आधी काटा जमिनीवर आणला होता आणि मग डोळे पुसले होते.

आता बाई स्वतः घरी बांधलेल्या छोट्या विमानांच्या सरकारी तपासनीस होत्या. त्यांची सही झाल्याशिवाय असं विमान जमीन सोडू शकत नसे. आदल्या दिवशी दुपारी बाराला उस्तादांचा फोन आला होता. “उद्या नऊला ये. सही करण्याआधी तुला एक गोष्ट दाखवायचीय. फोनवर सांगण्यासारखी नाही.”

बाई नऊला पाच कमी असताना पोचल्या. पत्र्याच्या हँगरचं दार सताड उघडं होतं आणि आतून एक घुसमटलेला आवाज येत होता.

दोन आसनांचं ते पांढरं विमान मधोमध उभं होतं. उस्ताद आणि त्यांची विधवा सून, दोघांनी मिळून चार वर्षं खपून ते बांधलं होतं. सून पंखावर गुडघे टेकून बसली होती, कोपरापर्यंत रक्ताने माखलेली. डाव्या आसनात उस्ताद होते. कमरेचा पट्टा बांधलेला, डोकं छातीवर कलंडलेलं, आणि डोक्याची मागची बाजू जागेवरच नव्हती. खाली फरशीवर रिव्हेट ठोकताना मागे धरतात तो पोलादी ठोकळा पडला होता. त्याला पांढरे केस चिकटले होते. एका घावाचं हे काम नव्हतं. मारणारा मारतच सुटला होता.

“मामंजी थंड झालेत हो,” सून म्हणाली. “मी हलवतेय कधीची. थंड झालेत.”

बाईंनी तिला धरून खाली उतरवलं. मग त्या पंखावर चढल्या. देवाचं नाव ओठांत आलं, ते त्यांनी ओठांतच ठेवलं, आणि समोरच्या फळीकडे पाहिलं. उजवीकडे दोन चकचकीत पडदे, बंद. डावीकडे उस्तादांच्या तीन जुन्या गोल तबकड्या. सगळ्यांवर रक्ताचे शिंतोडे उडून वाळले होते. उंचीच्या बटणावरून एक जाडसर ओघळ खाली फळीवर उतरला होता आणि तसाच अखंड सुकला होता.

काटा सातशे दहावर होता.

विमान जमिनीवर उभं होतं, आणि ते यंत्र सांगत होतं की ते एकशे दहा फूट हवेत आहे.

२

फौजदार माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला घाई फार. दुपारपर्यंत त्याने सुनेला चौकीवर नेऊन बसवलं.

“बाई, तुम्ही त्यांना ओळखता म्हणून सांगतो,” तो म्हणाला. “परवा सकाळी ह्या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. फाटकावरच्या चौकीदाराने स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ही ओरडत होती, तुमचे हे डबे एक दिवस तुमच्याच डोक्यात घालीन.”

“ते भांडण चार वर्षं चालू आहे. हिला पडदे हवेत, त्यांना तबकड्या. उस्ताद पडद्यांना सिनेमा म्हणायचे.”

“असेल. पण डॉक्टर म्हणतात मृत्यू दुपारी दोन ते संध्याकाळी सातच्या मधला. आणि तो पडदा स्वतःची नोंद ठेवतो. आम्ही पाहिली. काल संध्याकाळी पाच एक्केचाळीसला सुरू, पाच बावन्नला बंद. म्हणजे तोवर म्हातारा जिवंत, विमानात बसून काम करतोय. चौकीदाराच्या वहीत ही साडेपाचला आत, सहा दहाला बाहेर. त्या वेळात दुसरं कुणी फाटकातून आलं नाही, गेलं नाही. सांगा मला, कुणी मारलं?”

“मला तिच्याशी बोलू द्या.”

सुनेने हात धुतले होते, पण नखांच्या कडा अजून काळ्या होत्या.

“वादळ येत होतं म्हणून गेले,” ती म्हणाली. “हँगरला कुलूप दिसलं. ते दाबलं की बसतं, किल्ली लागत नाही. वाटलं, मामंजी कुणाच्या तरी गाडीतून गेले. बाहेर उघड्यावर चार विमानं होती, कुणी दोर बांधले नव्हते. त्यांना बांधत बसले. मग घरी गेले. मामंजी दुरुस्तीच्या खोलीतच राहतात, फोन उचलत नाहीत. सकाळी लवकर आले, तर...” तिने हात मागे घेतले. “ताई, माझी मुलगी सात वर्षांची आहे. बाप तिला फोटोतलाच आठवतो. आता शाळेतून येईल आणि दाराला कुलूप बघेल.”

“तिला मी आणते.”

“आणि उद्या?”

“उद्या तुम्ही आणाल,” बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा हळू होता. कोर्टात सुनेला दुसऱ्या दिवशी अकराला उभं करायचं होतं. हातात होतं काय, तर एक खोटं बोलणारा काटा.

३

शेजारच्या हँगरमध्ये कप्तान राहायचा. राहायचाच. घरी भांडून आलेला निवृत्त वैमानिक, आवाज फाटलेल्या ढोलासारखा. पाच वर्षांपूर्वी उस्तादांचा मुलगा मेला तो कप्तानच्या विमानात. ढगांत शिरल्यावर त्याचे दोन्ही पडदे एकदम काळे झाले, आणि तो टेकडीवर आदळला. त्या दिवसापासून कप्तान म्हणत आला की पोराने राखीव बॅटरीचा खटका दाबला नाही. त्यावरून एकदा त्याने उस्तादांची कॉलर धरली होती, आणि उस्तादांनी त्याच्या नाकाचं हाड मोडलं होतं.

“हो, मी काल दिवसभर इथेच होतो,” कप्तान म्हणाला. “प्यायलेला होतो. ऐकलं काहीच नाही. घाला मला तुरुंगात, जेवण तरी वेळेवर मिळेल.”

“तुम्ही उस्तादांचा राग करत होतात.”

“राग?” त्याने वाकडं नाक चोळलं. “बाई, पाच वर्षांत माझ्याशी रोज भांडायला येणारा तो एकटा माणूस होता. आता कोण येणार?” मग एकदम म्हणाला, “एक सांगा. काल त्या वादळात माझं विमान उलटं व्हायला हवं होतं. मी तर झोपलो होतो. सकाळी बघतो तर चारही बाजूंनी दोर, आणि गाठी अशा की सोडवताना नखं तुटली. कोण देवमाणूस आला होता?”

“जिला चौकीवर बसवलंय, ती.”

कप्तानने आपल्या तुटक्या नखांकडे पाहिलं.

पडदेवाला चार वाजता स्वतःहून भेटायला आला. विमानांच्या फळीवर पडदे बसवण्यात त्याचा हात धरणारा या भागात कुणी नव्हता. इस्त्रीचा शर्ट, नखं स्वच्छ. सुनेच्या विमानातले पडदे त्यानेच बसवले होते, आणि कप्तानच्या त्या जुन्या विमानातलेही.

“भयंकर आहे हो,” तो म्हणाला. “मी काल गेलो होतो, लपवत नाही. दोनला दहा कमी असताना आत, तीनला दहा कमी असताना बाहेर. चौकीदाराने लिहिलंय. उस्ताद धडधाकट होते, माझ्या पडद्यांना शिव्या घालत होते. साडेतीनला शहरात फ्लाइंग क्लबमध्ये माझं व्याख्यान होतं. सातपर्यंत वीस लोकांच्या समोर उभा होतो. नशीब म्हणायचं.”

“उस्ताद विमानात बसले होते का तेव्हा?”

“छे. स्टुलावर. मी असेपर्यंत विमानाला हातही लावला नाही त्यांनी.”

“आणि तुमचा पडदा सांगतो ते पक्कं?”

“बाई, तुम्ही जुन्या शाळेतल्या. तुमच्या त्या तबकडीला आठवण असते का? आत्ता दाखवलं, आत्ता विसरली. पडदा मात्र मिनिटामिनिटाचं लिहून ठेवतो. काय सुरू, काय बंद, सगळं.”

“त्याला वेळ कुठून कळते?”

“आकाशातून. उपग्रह सांगतो. माणसाच्या घड्याळासारखं पुढेमागे होत नाही.” तो उठला. “सून गरम डोक्याची आहे. पण असं करेल वाटलं नव्हतं.”

तो गेल्यावर बाईंना जाणवलं की त्याच्या एका वाक्याला आपण आतल्या आत अडखळलो आहोत. कुठल्या, ते हाताला लागेना. म्हणून त्या पुन्हा हँगरमध्ये गेल्या, पंखावर चढल्या आणि भिंग लावून उंचीच्या तबकडीवरची ती बारीक खिडकी वाचली.

एक हजार सात.

४

धावपट्टीच्या टोकाला हवामानाची खोली होती, आणि तिथे तासातासाला दाब लिहिणारा म्हातारा कारकून. सगळे त्याला पाराकाका म्हणत. तो वर्षानुवर्षं पाऱ्याच्या नळीकडे बघत आला होता आणि माणसांशी बोलताना त्यांच्या डोक्यावर कुठेतरी बघायचा.

“कालचा दाब?” पाराकाकाने वही पुढे केली. “काल मजा होती. वादळ येताना असा घसरला, असा घसरला की मी दर अर्ध्या तासाने लिहीत होतो. एकला एक हजार नऊ. दोनला एक हजार आठ. अडीचला सात. तीनला सहा. पाचला एक हजार एक. पावणेसहाला हजारावर आला. आज सकाळी नऊला एक हजार तीन.”

“एक हजार सात अडीचलाच होता? दुसऱ्या कुठल्या वेळी नाही?”

“सकाळी चढताना पहाटे असेल. मग थेट अडीचला. काल दुपारनंतर पुन्हा नाही. माझी वही आहे बाई, तुमच्या मंत्रालयाची नाही.”

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. सगळं उभं राहिलं होतं. उस्ताद अडीचच्या सुमारास विमानात बसले. नेमाप्रमाणे बटण फिरवून काटा सहाशेवर आणला, खिडकीत एक हजार सात आलं. मग दाब उतरला. सकाळी नऊला तो चारने कमी होता, आणि चारने कमी म्हणजे साधारण एकशे दहा फूट. म्हणून काटा सातशे दहा. काटा खोटं बोलत नव्हता. तो फक्त अडीचला थांबलेला होता.

आणि पडदेवाला म्हणाला होता की तो तीनला दहा कमी होईपर्यंत उस्तादांनी विमानाला हातही लावला नाही.

त्या जवळजवळ धावतच चौकीवर गेल्या. फौजदाराने सगळं ऐकून घेतलं, कपाळ खाजवलं आणि म्हणाला, “समजा म्हातारा अडीचला बसला. मग उतरला. पुन्हा पाच चाळीसला बसला तेव्हा बटण फिरवायचं विसरला.”

“ते विसरत नाहीत.”

“बाई, सत्तरीचा माणूस.”

“साहेब, तुम्ही सकाळी उठून तोंड धुवायला कधी विसरलात? नेम म्हणजे काय, तर जे करायला आठवावं लागत नाही ते. मुलगा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ज्याचा हात चुकला नाही, त्याचा काल का चुकेल? आणि बटणावर रक्ताचा ओघळ आहे, बटणावरून फळीवर अखंड उतरलेला. मारल्यानंतर ते बटण कुणीही फिरवलेलं नाही. तो आकडा उस्तादांनीच सोडलेला आहे.”

“कोर्टात मी काय सांगू? म्हातारा नेमाचा पक्का होता?” फौजदाराने हात पसरले. “तिकडे यंत्राची नोंद आहे, मिनिटासकट. नेमाला साक्षीदार म्हणून उभं करता येत नाही हो. दुसरं काही असेल तर आणा. उद्या अकराच्या आत.”

त्या संध्याकाळी बाईंनी सुनेच्या मुलीची वेणी घातली आणि तिच्या शेजारी बसून तिला गणितं सोडवायला मदत केली. एका गणितात आगगाडी सहाला सुटून नऊला पोचत होती. मुलगी म्हणाली, “पण स्टेशनवरचं घड्याळच चुकीचं असेल तर?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि दुपारी आपण कुठल्या वाक्याला अडखळलो होतो ते त्यांना सापडलं. उपग्रह आकाशातून वेळ सांगतो. हँगरला पत्र्याचं छप्पर होतं.

५

सकाळी सातला त्या हँगरमध्ये होत्या. दारावरच्या शिपायाला त्यांनी आपलं ओळखपत्र दाखवलं. आसनावर कापड टाकून त्या बसल्या, आणि हात आपोआप बटणाकडे गेला तो त्यांनी मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काटा होता तिथेच ठेवला.

त्यांनी पडदा सुरू केला. निळा उजेड पडला. वरच्या कोपऱ्यात अक्षरं आली: उपग्रह सापडत नाही. खाली घड्याळ, आणि त्याच्या शेजारी एक लहानसं चिन्ह. बाईंनी आधी नोंदींच्या सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले. मग त्या चिन्हावर बोट ठेवलं. पडद्याने शहाण्या मुलासारखं विचारलं, किती वाजले? त्यांनी तीन तास पुढची वेळ दिली. त्याने निमूट घेतली.

म्हणजे पत्र्याखाली हा सांगाल ते मानतो.

पण मानतो हे वेगळं, आणि मानायला लावलं हे दाखवणं वेगळं. त्यांनी फोनमधले फोटो पुन्हा पाहिले. फौजदाराने फक्त पहिलं पान वाचलं होतं, सुरू आणि बंद. पाचव्या पानावर आणखी एक रकाना होता. पडदा दर मिनिटाला बाहेरच्या हवेचा दाबही लिहीत होता. लिहिणारच. तबकडीला आणि पडद्याला हवा एकाच नळीतून येत होती. पाच एक्केचाळीस ते पाच बावन्न, अकरा ओळी. बाईंनी धावपट्टीच्या उंचीचा फरक मिळवून हिशोब मांडला.

अकराही ओळींत एक हजार सात.

पावणेसहाला, पाराकाकाच्या वहीत दाब हजार असताना, ह्या पडद्याने एक हजार सात मोजला होता. तबकडी आणि पडदा, चार वर्षं भांडणारे दोन शेजारी, अक्षर न् अक्षर एकच साक्ष देत होते. खोटं बोललं ते फक्त घड्याळ.

मग उस्तादांना दाखवायचं काय होतं? त्यांनी खाली वाकून फळीच्या मागे टॉर्च मारला. तारांचे जुडगे सुबक बांधलेले होते. राखीव बॅटरीच्या लाल तारेवर उस्तादांनी पांढऱ्या दोऱ्याने एक खूण बांधली होती. बाईंनी ती तार बोटाने शेवटपर्यंत चाचपली. ती पडद्याकडे जातच नव्हती. वळसा घेऊन छोट्या हिरव्या दिव्यापाशी संपत होती.

त्यांनी मुख्य बॅटरी बंद केली. पडदा काळा झाला. “राखीव बॅटरी तयार” सांगणारा हिरवा दिवा मात्र शांतपणे जळत राहिला.

ढगांत असताना असा काळा पडदा आणि असा हिरवा दिवा बघणारा एक तरुण मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. खटका दाबणारा. पुन्हा दाबणारा. पुन्हा.

“दिवा नुसता शोभेचा आहे तो,” मागून आवाज आला. “घाईचं काम होतं. नंतर जोडणार होतो.”

पडदेवाला पंखावर उभा होता. “शिपायाला साहेबांनी बोलावलंय म्हणून सांगितलं,” तो म्हणाला, आणि वरचं काचेचं झाकण त्याने दोन्ही हातांनी खाली आदळलं.

बाईंचा डावा हात कडेवर होता. बोटं मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. किंकाळी घशाबाहेर पडायच्या आत त्याने झाकण उचललं आणि तारेचा फास त्यांच्या गळ्यात टाकला. “तो पण असाच बसला होता,” तो दात आवळून म्हणत होता, “एवढा वेळ बोट दाखवत होता. ही तार बघ. ही तार बघ. माझ्या पोराच्या विमानात पण अशीच होती ना, बोल. बोल म्हणे!” तार कातडीत रुतली. समोरचा हिरवा दिवा मोठा होत गेला.

बाईंच्या उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. आयुष्यात त्यांनी मुंगी ओलांडूनच पाय टाकला होता. त्यांनी तो मागे, खांद्यावरून, अंदाजाने भोसकला. तो कशात तरी मऊ जागी मुठीपर्यंत गेला. पडदेवाला गुरासारखा ओरडला, पण फास सुटला नाही, आणखी आवळला.

मग धातू हाडावर आपटल्याचा आवाज झाला. एकदा, दोनदा. फास सैल पडला.

“पाच वर्षं,” ते शब्द ऐकत बाहेरून धावत आलेला कप्तान किंचाळत होता. त्याच्या हातात विमान ओढायचा लोखंडी दांडा होता. “पाच वर्षं मी त्या म्हाताऱ्याला त्याच्याच पोराबद्दल बोललो! तुझ्यामुळे!” पडदेवाल्याचा हात भलत्याच जागी वाकला होता. कप्तानने दांडा पुन्हा उचलला, या वेळी डोक्याच्या रोखाने.

“नको,” बाई म्हणाल्या. आवाज फुटेना, नुसते ओठ हलले. “कप्तान. नको. तो बोलायला हवाय.”

दांडा फरशीवर पडला.

६

दहा वाजता चौकीत फौजदाराच्या टेबलावर तीन गोष्टी होत्या: पाराकाकाची वही, पडद्याच्या पाचव्या पानाचा फोटो, आणि पांढरा दोरा बांधलेली लाल तार. बाईंच्या गळ्यावर काळानिळा पट्टा उमटला होता. हात बांधलेला होता. त्या इतक्या हळू बोलत होत्या की खोलीत कागद हलल्याचाही आवाज येत होता.

“उस्तादांना तार सापडली तेव्हाच पाच वर्षांपूर्वीचं सगळं त्यांना कळलं. त्यांनी आधी मला फोन केला, मग पडदेवाल्याला बोलावलं. त्याच्या तोंडावर विचारायचं होतं. अडीचच्या सुमारास त्याला दाखवायला ते विमानात बसले. काटा जमिनीवर आणला आणि तारेवर बोट ठेवलं. ह्याने मागून ठोकळा घातला. मग घड्याळ तीन तास दहा मिनिटं पुढे केलं, पडदा अकरा मिनिटं चालवला, बंद करून, नोंद न ठेवणाऱ्या देखभालीच्या पानावरून घड्याळ होतं तिथे आणलं. त्याला वाटलं वेळ म्हणजे घड्याळ. तबकडीकडे त्याने बघितलंही नाही. तो तिला मुकी समजत होता.”

“आणि पडद्याचा दाब?” फौजदाराने विचारलं.

“ते त्याच्याच यंत्रात होतं, त्यालाही ठाऊक असणार. पण तो रकाना कोण बघतो? विमान उडत नसेल तर कुणीच नाही.”

फौजदाराने वही मिटली. “काल तुम्ही नेमाचं सांगत होतात, आणि मी हसलो,” तो म्हणाला. “हसलो नाही, पण मनात हसलो.”

“मनातलं मोजायचं यंत्र अजून निघालं नाही,” बाई म्हणाल्या. “सुनेला सोडा. शाळा साडेबाराला सुटते.”

शाळेच्या फाटकाशी मुलगी आईच्या पोटाला मिठी मारून उभी राहिली तेव्हा कप्तान रस्त्याच्या पलीकडे, भिंतीला टेकून होता. अलीकडे यायचं धाडस त्याला झालं नाही. शेवटी सूनच त्याच्याकडे गेली.

“मी तुमच्या नवऱ्याला...” त्याने सुरुवात केली.

“विमानाला दोर बांधले होते मी तुमच्या,” ती म्हणाली. “गाठी सोडवायला जमल्या का?”

“नखं गेली.”

“मग ठीक.”

पुढे तीन महिने गेले. बाईंच्या हाताची दोन बोटं सरळ होईनात, ती नाहीच झाली. कोर्टाचं काम संपल्यावर ती उंचीची तबकडी कापडात बांधून परत मिळाली. ती मुलाच्या पडलेल्या विमानातली होती हे बाईंना आधीपासून माहीत होतं. टेकडीवरच्या ढिगाऱ्यातून उस्तादांनी ती वेचून आणली होती आणि वर्षभर केसाएवढे भाग जुळवत बसून पुन्हा जिवंत केली होती. खुनाच्या महिनाभर आधी ते म्हणाले होते, “पोरी, पडदे लाव, सिनेमा लाव, सुनेला हवं ते लाव. तिचं बरोबर आहे, पडदे चांगलेच असतात. पण हा काटा फळीत राहिला पाहिजे. आणि मी नसलो तर तू त्याला एकदा ढगांच्या वर नेऊन आण. तो तिथून खाली आला, पण नीट उतरला नाही.”

“नेईन,” बाई म्हणाल्या होत्या.

विमानावर सही त्यांनी दुसऱ्या अधिकाऱ्याकडून करून घेतली. स्वतः उडवायचं विमान स्वतः पास करायचं नाही, हीही उस्तादांचीच शिकवण. राखीव बॅटरीची तार सुनेने जोडली, बाईंनी तपासली, आणि कप्तानने कुणी सांगितलं नसताना तिसऱ्यांदा तपासली.

त्या दिवशी सकाळची पूजा आटोपून बाई नेहमीच्याच वेळी घराबाहेर पडल्या. कुणाला विशेष काही सांगितलं नाही. हँगरचं दार सुनेने आधीच उघडून ठेवलं होतं. मुलगी पंखाखाली उभी राहून वर बघत होती. टेकडीच्या अंगाला ढगांचा एक पांढरा थर लागला होता, फार उंच नव्हता.

बाई आत बसल्या, पट्टा बांधला. सुनेने पुढे होऊन पडद्याच्या खटक्याकडे हात नेला आणि त्यांच्याकडे बघून थांबली.

“थांबते,” ती म्हणाली. “आधी तुमचं होऊ दे.”

बाईंनी वाकड्या बोटांनी बटण धरलं आणि काटा हळूहळू सहाशेवर आणला.